सुर्ल्याच्या वाटेवरची घंटा

गोव्याहून परतल्यावर मिरजेतील स्नेही भेटायला आले आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न समुद्राचा विचारला. समुद्र मी पाहिला नाही. पेडण्याच्या काजूबागा पाहिल्या, डिचोलीकडचे तांबूस धुळीने माखलेले रस्ते पाहिले, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावर तारांची टोपी चढवलेली पाहिली. त्यापुढे समुद्राची आठवणच झाली नाही. ज्यांना त्या बाजूला जाण्याचा योग आलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवीत आहे.

जाण्याचे निमित्त त्या बहिणीचे, वत्सलेचे होते. ती पेडण्याला दिली, त्याला आता चार तपे उलटली. तिचे यजमान निवर्तले. मुलगा मुरगावला गोदीत नोकरीला असतो आणि आठवड्याच्या शेवटी घरी येतो. सून मृणाल म्हापशाच्या अलीकडे एका महाविद्यालयात संशोधन करते. लेक सुलभा डिचोली तालुक्यात सुर्ल्याला नांदते. तिला दुसरी मुलगी झाली होती. सासू हयात नाही, म्हणून आईने बारशाला यावे आणि महिनाभर राहून बाळ-बाळंतिणीचे करावे, एवढेच तिचे मागणे होते. आणि वत्सला जाईना. गुडघे दुखतात, उन्हाळा बाधतो, अशी कारणे ती फोनवर सांगत राहिली. अखेर मृणालने मला कळवले, "मामा, गुडघे निमित्त आहेत. आई आवाजाला घाबरतात. तुम्ही आलात तर निघतील कदाचित."

पेडणे

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी आणि बांदा मागे पडले, की भाषा हळूहळू कूस बदलते. पेडण्याच्या स्थानकावर उतरलो तेव्हा तर ती पूर्ण उलटून झोपली होती. घरी पोचून हातपाय धुतो न धुतो तोच वत्सला म्हणाली, "दादा, ती जनेल लाव रे आधी."

जनेल म्हणजे काय ते मला उमगेना. मी दार लावले. ती हसली नाही. लगबगीने येऊन तिने स्वतःच खिडकी लावली आणि मगच मला वाकून नमस्कार केला. पोर्तुगिजांचा हा शब्द मिरजेतून आलेल्या माझ्या बहिणीच्या तोंडी इतका सहज बसला होता, की खिडकी म्हणताना तीच अडखळली असती.

चैत्र चालू होता. परसात काजूची बोंडे पिकून पडलेली, त्यांचा गोड उग्र वास घरभर. मृणालने बोंडांचा ताजा रस, ज्याला तिकडे निरो म्हणतात, तो भांडे भरून पुढे ठेवला. मी साशंक झालो. याच रसाचे पुढे काय करतात हे मला ऐकून ठाऊक होते.

"घ्या मामा, सकाळी पिळलेला आहे. आजचा चालतो."

"आणि उद्याचा?"

"उद्याचा शेजारी घेतात."

मी देवाचे नाव घेऊन प्यालो. उत्तम होता. आमच्याकडे उसाच्या रसाला जे स्थान, ते तिथे या रसाला आहे. फक्त उसाला असा उद्याचा धोका नाही.

सकाळी मी संध्या आटोपून ओटीवर बसलो होतो. बाहेर पदेराने, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याने, भोंगा वाजवला. दोनच स्वर, पों पों. मला ते गमतीचे वाटले. आत मात्र ताट खणखणत जमिनीवर पडले. जाऊन पाहतो तो वत्सला भिंतीला टेकून, छातीशी हात धरून उभी होती. चेहऱ्यावर घाम.

"रोज येतो ना हा?" मी विचारले.

"रोज येता. रोज भिंया वाटता. आता काय करू, दादा?"

मग तिने सांगितले. गेल्या वर्षी गावच्या देवळात दिवजांचा उत्सव होता. सुवासिनी आणि वडीलधाऱ्या बायका हाती पेटते दिवे घेऊन प्रदक्षिणा करतात, तो. वत्सला जावेच्या वतीने दिवज धरून चालली होती आणि गरनाळ, म्हणजे उत्सवात उडवतात तो मोठा फटाका, तिच्या पाठीशी अवचित फुटला. तिला इजा झाली नाही. पण दिवज हातून निसटले आणि विझले. देवीने ते मनावर घेतले नाही असे पुजाऱ्यांनी परोपरीने समजावले. तिच्या देहाने मात्र घेतले. त्या दिवसापासून दार आपटले, कुत्रे भुंकले, मागून कोणी हाक मारली, तरी तिचा जीव उडतो. वैद्य झाले, डॉक्टर चालू आहेत. आणि सुलभाचे सासर तर खनिजाच्या रस्त्याला लागून. त्या रस्त्याने दिवसभर मालाचे ट्रक नदीच्या धक्क्याकडे जातात, तिथून गलबते मुरगावला. रिकामा ट्रक परतताना गतिरोधकावर उसळला की त्याचा मागला फाळका जो आपटतो, तो गरनाळाचा सख्खा भाऊ.

"लेकीच्या घरात बसून पोराला टाकीन हातातून," ती म्हणाली. "दिवज टाकला तसा."

तेव्हा मला कळले, की तिला आवाजाची भीती होतीच, पण मोठी भीती आपल्या हातांची होती.

म्हापशाच्या अलीकडे

मृणालचा अभ्यास नेमका याच विषयाचा निघाला. अनपेक्षित आवाज आला की मेंदूत काय घडते, आणि तो आवाज आपण स्वेच्छेने केलेल्या कृतीतून निघाला तर त्यात काय पालट होतो. तिने सासूला प्रयोगाला बसण्याचा आग्रह कधी केला नव्हता. मीच म्हणालो, मला पाहायचे आहे. वत्सला म्हणाली, "दादाच्या डोक्यात काय चालता ता मला पण बघूक होया," आणि आमच्याबरोबर निघाली.

खोली लहान, भिंतींना मऊ गादीसारखे अस्तर, एका बाजूला काच. आतली शांतता गाभाऱ्यासारखी वाटली, फक्त वास तुपाचा नव्हता. मृणालने कापडी टोपी आणली. तिला ठिकठिकाणी लहान वाटोळ्या चकत्या, प्रत्येकीला तार. अडचण माझ्या शेंडीची आली.

"मामा, ही जरा सोडून बाजूला घेऊ? इथे एक चकती बसायची आहे."

"मला यात काय करायचे आहे?"

"आधी नुसतं ऐकायचं. मग बटण दाबायचं. दाबलं की आवाज येईल."

मी म्हणालो, "शिखा सोडून कर्म करू नये अशी आमची शिस्त आहे. हे कर्म आहे की नाही, ते आधी सांग."

मृणालने हसण्याऐवजी खरोखर विचार केला, याचे मला फार बरे वाटले. "ऐकणं हे नाही. बटण दाबणं हे आहे. आमचा सगळा अभ्यास त्या फरकाचाच आहे, मामा."

म्हणून ऐकताना मी शिखा सोडून बसलो आणि बटणाची पाळी आली तेव्हा बांधून घेतली. एक चकती उपाशी राहिली. मृणालने ती चालवून घेतली.

कानांत एकसारखा टक् टक् असा बारीक स्वर येई आणि मध्येच एखादा निराळा, वरच्या पट्टीचा. मग बटण. "मनाला येईल तेव्हा दाबा," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने मला थांबवले.

"मामा, तुम्ही जप करताय का?"

"करतो आहे. दर जपाला एकदा दाबतो."

"म्हणूनच घड्याळासारखं येतंय. तसं नको. मनाला येईल तेव्हा."

"मनाला येईल तसे वागू नये, हेच तर मी जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले."

काचेपलीकडे वत्सला खळखळून हसली. दोन दिवसांत ते हसू मी प्रथम ऐकले. त्या हसण्याच्या भरातच ती म्हणाली, "माका घाल गो ती टोपी."

टोपी चढवताना तिने मुंडावळ्यांची आठवण काढली. पण ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि चेहरा पालटला. निराळा स्वर येई तेव्हा तिचे खांदे उडत. मृणाल थांबवायला उठली. वत्सलेने हातानेच नको म्हटले. मग बटण तिच्या हाती आले. बराच वेळ तिने दाबलेच नाही. नंतर एकदा दाबले. पुन्हा दाबले. तिचे बोट रुळले. आणि मग तिच्याच दाबण्यातून तो परका स्वर निघाला. मी तिच्या खांद्यांकडे पाहत होतो. ते उडाले नाहीत. तिने चटकन बोट उचलले आणि लाजून विचारले,

"मृणाल, माझं चुकलं का गो?"

स्वर तोच, कान तेच. पहिल्या वेळी तिचा थरकाप झाला आणि या वेळी तिला संकोच वाटला.

परतीच्या वाटेवर मी मृणालला खोदून विचारले. ती म्हणाली, "आपण काही करणार असलो की त्यातून काय निघेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. अंदाजाप्रमाणे आवाज आला तर तो फारशी दखल घेत नाही. अंदाज चुकला तर घेतो, पण बहुधा निराळी. बाहेरून आलेल्या आवाजाला तो विचारतो, हे काय आलं? स्वतःच्या हातून निघालेल्याला कदाचित विचारतो, मी काय केलं?"

"कदाचित?"

"कदाचितच. यावर आमच्यात पुष्कळ वाद आहेत. आणि हा उपचार नव्हे, मामा. एका दिवसाचं काही खरं नसतं."

वाद आहेत हे ऐकून मला त्या शास्त्राविषयी आदर वाटला. ज्या शास्त्रात वाद नाहीत ते निजलेले असते. मी आपला व्याकरणात रमलो. कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य, असे आम्ही शिकलो. पण मराठी बोलणारा माणूस म्हणतो, मला आवाज ऐकू आला. त्या वाक्यात कर्ता आवाज आहे. मनुष्य बिचारा चतुर्थीत, हात पसरून उभा. जे येईल ते घ्यावे लागणारा. वर्षभर माझी बहीण त्या चतुर्थीत उभी होती. बटणाने तिला क्षणभर प्रथमेत आणले.

हे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "ट्रकाला कुठे बटण असता, दादा? असता तर मी केव्हाच गेले असते सुर्ल्याला."

तोवर घर आले. जेवायला अळसांद्याचे तोणाक, म्हणजे मोठ्या चवळीची नारळ वाटून केलेली उसळ, होते आणि त्याच्याबरोबर गरम उंडे, म्हणजे वाटोळे पाव. आमच्या घरी चतुर्थीला पाव शिवत नाहीत. त्या दिवशी चतुर्थी नव्हती, म्हणून मी दोन खाल्ले. हात धुताना वत्सला म्हणाली, "बारसं परवा. उद्या निघूया. तू येतोस ना? मी राहीन असं मात्र सांगू नको तिला."

बसमध्ये

तिच्या बटणाच्या प्रश्नाला मला रात्री एक उत्तर सुचले, आणि ते वाईट निघाले. माझ्या पिशवीत पूजेची लहान पितळी घंटा होती. म्हापशाहून डिचोलीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढताना ती मी वत्सलेच्या हाती दिली. म्हणालो, भीती वाटू लागली की तू स्वतः हळूच वाजव. तुझा आवाज आधी, जगाचा नंतर.

वाहकाने शिट्टी मारली, ती दचकली. मागून मोटारसायकलचा कर्णा वाजला, ती दचकली. मी खूण केली. तिने डोळे मिटून घंटा वाजवली, आणि पूजेची घंटा हळू वाजवण्याची सवय कोणालाच नसते.

चालकाला वाटले, कोणाची सायकल आडवी आली. त्याने करकचून ब्रेक लावला. उभे प्रवासी एकमेकांवर गेले. एका बाईच्या टोपलीतली कैरी घरंगळत पुढच्या दाराशी पोचली.

"कोणाची रे ती घंटी?" वाहक ओरडला.

वत्सलेने घंटा माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"भटजी, गाडयेत आरती करतात काय?"

"चुकून वाजली," मी म्हणालो.

"चुकून? सगळ्यांका देव दिसलो चुकून!"

कैरीवाली म्हणाली, "जाऊं दी रे. परसाद तरी वाट म्हणा भटजींका." बस हसली. मी कैरी उचलून देऊन क्षमा मागितली. वत्सला पदर तोंडात धरून डिचोलीपर्यंत हसत होती. तेवढ्या वाटेत किती कर्णे वाजले ते मी लक्षात ठेवले नाही. तिनेही ठेवले नसावे.

सुर्ला

घर रस्त्याला लागूनच. अंगणातल्या तुळशीच्या पानांवरही तांबडी धूळ. सुलभाचे सासरे गोपाळबाब पायरीवर उभे राहून आमची वाट पाहत होते. "या मामा, बसा हंगा. आमचो रस्तो म्हणजे बारा महिने जत्रा. वयनी, भिंयेव नाकात."

तेवढ्यात जत्रेने सलामी दिली. रिकामा ट्रक गतिरोधकावर उसळला आणि फाळका आपटला. मी स्वतः हललो. वत्सला वळून सरळ आतल्या खोलीत गेली आणि कानांवर पदर गुंडाळून बसली. लेकीने बाळ पुढे केले, तर हिने हात मागे घेतले.

"नको. तू धर."

सुलभाचा नवरा त्याच रस्त्यावर ट्रक चालवतो. ती फाळक्याच्या आवाजावरून त्याची गाडी ओळखते आणि भाताला आधण ठेवते. जो आवाज आईला घराबाहेर काढत होता, तो लेकीला घरधनी परतल्याचा सांगावा होता. दोघींमध्ये कोण चुकते आहे असे म्हणणार? सुलभा मला एवढेच म्हणाली, "मामा, आई बारसं करून परत जातली. माका ठावक आसा." आणि रडू आवरायला विहिरीकडे गेली.

बारशाचा दिवस आनंदात गेला. शेजारच्या बायका जमल्या, पाळणा झेंडूच्या माळांनी सजला. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केले आणि बायकांनी तिच्या पाठीत प्रेमाने धपाटे घातले. एवढी चाल मिरजेसारखीच. नाव मंजिरी ठेवले. जेवणात खतखते, मोड आलेल्या मुगांची मुगागाठी, सोलकढी. खतखते म्हणजे भाज्यांचा असा मेळा, की आमच्या ऋषिपंचमीच्या भाजीने तिथे जाऊन दीक्षा घ्यावी.

मंडळी पांगली, गोपाळबाब त्यांना पोचवायला गेले. सुलभा जेवायला बसली आणि बाळ पाळण्यात कुरकुरू लागले. घरात मोकळे हात दोघांचेच, माझे आणि वत्सलेचे. माझ्या हाती सोलकढीची वाटी होती. बाळाने सूर चढवला. सुलभा उष्ट्या हाताने उठू लागली, तशी वत्सला म्हणाली, "बस तू. जेव." आणि तिने बाळ उचलले.

मांडी घालून, बाळ आडवे घेऊन ती थोपटू लागली. थोपटणे हा शब्द मी इतकी वर्षे वापरत आलो, पण त्यात एक ध्वनी आहे, हे त्या दिवशी कळले. ओंजळीसारख्या वाकवलेल्या तळव्याचा इवल्या अंगावर होणारा थप्, थप्. प्रत्येक थाप तिने स्वतः केलेली, स्वतः ऐकलेली. तोंडाने काही नाही, नुसता नाकातून निघणारा हुंकार.

आणि ट्रक आला. फाळका आपटला, आवाज त्या दिवसातला सर्वांत मोठा. माझी सोलकढी सोवळ्यावर सांडली. बाळाने दोन्ही हात आभाळाला मिठी मारल्यासारखे फेकले. सुलभाचा घास हातातच राहिला. ती आईच्या हातांकडे पाहत होती.

वत्सलेचे हात जागेवर होते. थाप थांबली नव्हती, फक्त किंचित जड झाली होती. बाळाचे फेकलेले हात तिने एका हाताने गोळा करून छातीशी धरले. "गेलो, गेलो," ती त्याला म्हणाली. "निज."

सुलभाने माझ्याकडे पाहिले. मी मानेने नको म्हटले.  आम्ही बोललो असतो, तर वत्सलेचे लक्ष तळव्यावरून कानांकडे गेले असते. मृणालला मी फोनवर हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "एका वेळेवरून काही ठरत नाही, मामा." मी म्हणालो, ठरवणारा मी कोण? मी पाहिले, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. वत्सलेची पिशवी दाराशी नव्हती. ती आत बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून निजवून आलेली, पदराला तेलाचा वास.  गोपाळबाब मला पोचवायला पायरीवर आले. नमस्कार-चमत्कार झाले, अंगण ओलांडून मी लोखंडी फाटकाला हात घातला, तोच मागून दबलेला, पण चांगलाच रागावलेला आवाज आला.

"दादा! हळू लाव रे ते. आत्ता निजलीय."

मी दोन्ही हातांनी फाटक धरले, कडी उचलून तिच्या जागी अलगद ठेवली, आणि आवाज न करता रस्त्याला लागलो.